तड्याशेजारी पट्टी

ओतिलिया पुलाचे फोटो काढते,
पण अख्खा पूल तिच्याकडे एकाही फोटोत नाही.
कमान पोस्टकार्डवाल्यांची, म्हणते,
आपल्या वाट्याला रिव्हेट.

सकाळी सहाला दोरू नदीवर धुकं,
आम्ही दोघं दोराला लटकून.
डोक्यावरून मेट्रो गेली की
सगळं लोखंड दाढ ठणकल्यासारखं कण्हतं.
ती कॅमेरा छातीशी धरून थांबते,
कण्हणं विरेपर्यंत बोटही हलवत नाही.

मग मी तड्याशेजारी पट्टी धरतो.
अठ्ठावीस मिलिमीटर.
गेल्या मार्चात सव्वीस होते.
ती खडूनं आकडा लिहिते, क्लिक,
पुढच्या सांध्याकडे सरकते.

खाली रिबेइराची पोरं चड्डीवर, कठड्यापल्याड.
पर्यटकांशी दोन युरो ठरवून घेतात
आणि उडी टाकायच्या आधी वर ओरडतात :
ए मावशे, आमचा काढ की एखादा!

इतक्या वर्षांत काढला नव्हता.
परवा काढला.
ऑफिसात मोठा करून पाहिला तर
पोरगा कडेला, हवेत, अर्धाच, पुसट;
त्याच्या मागे बेअरिंगवरचा गंज मात्र
कण न् कण स्वच्छ.
तिनं गंजाभोवती लाल गोल केला,
तारीख टाकली.
पोराला कापलं नाही.

रात्री आई विचारते,
पेपरात पुलाचा फोटो आलाय, तुमचाच ना?
नाही, म्हणतो मी.
आमच्या चारशे फोटोंत
लोखंड, पट्टी, खडूचा आकडा,
आणि प्रत्येकात खालच्या कोपऱ्यात
माझा अंगठा,
नखात जुना रंग.