एसी बंद कर

तो म्हणतो, एसी बंद कर.
ऑगस्ट. फहाहील. रात्रीचे अकरा,
आणि बाहेर अजून चाळीसच्या वर.
मी उशीखाली रिमोट शोधते,
खोलीतला वारा एक उसासा टाकून खाली बसतो.

आता आमच्याकडे वीस मिनिटं.
मग भिंती तापतात,
चादर पाठीला धरते,
लाकूड फुगतं, तारा उतरतात.
एकोणीस वर्षांत एवढाच हिशेब पक्का झालाय आमचा.

गिटार तशी त्याची नव्हेच.
मंगफचा एक फिलिपिनो सुतार कायमचा घरी निघाला,
सहा दिनारांना देऊन गेला,
वर एक तार फुकट.
पाठीला भेग होती, ती इनासने
पाइपाच्या एपॉक्सीने बुजवली.
अजून तिथे हात लावला की खरखरीत लागतं.

इनासला गाता येत नाही.
मला तर वसईच्या चर्चमधल्या क्वायरमधून
नवव्या वर्षीच काढलेलं, तेही मायेनं:
रेमेत, बाळा, तू मेणबत्त्या धर.
म्हणून या गाण्याला शब्द नाहीत.

सूर लावायला घरात काही नाही.
खालच्या अबू हातेमचा जुना कॉम्प्रेसर
रात्रभर एकाच सुरात घुमतो,
तोच आमचा तानपुरा.
इनास भिंतीकडे कान करून खुंटी पिळतो,
थांबतो, पुन्हा पिळतो.
हं.

आधी स्वर नाही, बोटंच ऐकू येतात.
तारेवरून सरकताना होते ती बारीक चिरचिर,
कोऱ्या कापडावरून नख फिरावं तशी.
पाइपफिटरची बोटं, दिवसभर पान्याला जुंपलेली.
हळू व्हायचं त्यांना इथेच जमतं.
(आणि माझ्या केसांत. पण ते असो.)

मग दोन स्वर वर, एक खाली,
जसं कुणी अंधारात बावखलाच्या पायऱ्या उतरतं
तळव्याला पाणी लागेपर्यंत.
आणि तिथेच तो थांबतो. दर वेळी.
पुढे काय रे, विचारलं होतं एकदा.
म्हणाला, पुढे तू.
आणि लाजून भांडी विसळायला गेला,
धुतलेलीच.

परवा मात्र वाजवता वाजवता
खालचा कॉम्प्रेसर बंद पडला.
वीज होती. जिन्यात दिवा होता.
खिडकी करकरली, खुर्ची सरकली,
तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं:
ज्याची झोपमोड नको म्हणून
इतकी वर्षं दाराखाली टॉवेल कोंबला,
तो म्हातारा शिंपी
आपला एसी बंद करून
उकाड्यात कान देऊन बसला होता.

इनास बावरला.
तार उतरलेली,
आणि लावायला सूरच उरला नव्हता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी घसा खाकरला.
ओठ मिटले
आणि त्या कॉम्प्रेसरसारखी घुमले,
जाडीभरडी, एकसुरी,
मला येतो तो एकच सूर.

खुंटी फिरली. थोडी अजून.
हं.

घाम दोघांच्या हनुवटीवरून टपकत होता.
रिमोट माझ्या मांडीवर.
मेणबत्ती धरावी तसा
तो सूर मी धरून राहिले.