थिनिंग

पहिल्या गुरुवारी अकरा जण जमलो
आणि चाळीस मिनिटं फक्त पंखा बोलला.
नियम मीच केला होता:
इथे मराठी बोललं, तर वाक्याला पाच रुपये दंड.
चिवड्याची रिकामी बरणी, झाकणाला भोक,
आणि माझ्या मांडीवर रजिस्टर,
सातपूरच्या कंपनीतून वडिलांनी आणलेलं,
अर्ध्या पानांवर अजून बेअरिंगचे नंबर.

इंग्लिश स्पेशल म्हणवून घ्यायचो आम्ही
आणि वर्गात बसायचो नाइफमधल्या के-सारखे.
स्पेलिंगमध्ये हजर.
उच्चारात कुणी धरत नाही.

तबस्सुम अत्तार कथड्याहून यायची
आरशासमोर घोटलेलं एकच वाक्य घेऊन.
ते संपलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसायची.
डेझी साळवे शरणपूरची.
सगळ्यांना वाटायचं, नावच इंग्रजी, हिला काय अवघड!
आमच्या घरी प्रार्थनासुद्धा मराठीत असते,
मलाही तुमच्याइतकीच भीती वाटते,
हे सांगायला तिनं दहा रुपये भरले.
लहानू भोये सुरगाण्याचा.
त्याची एसटी सव्वापाचची,
म्हणून आमच्या बैठकीची वेळ
कॉलेजनं नाही, महामंडळानं ठरवली.

महिनाअखेर बरणी मिसळीवर रिकामी व्हायची.
जितकं मराठी जास्त तितके पाव जास्त.
पुढे पुढे तर भूक लागली की
लोक मुद्दाम चुकायला लागले.

दिवाळीनंतर लहानू आला नाही.
एक गुरुवार. दोन. तीन.
मी त्याच्या नावापुढे गैरहजर लिहिलं नाही,
चौकोन मोकळा ठेवला.

चौथ्या गुरुवारी
दोन स्कूटी आणि एका उसन्या बाइकवर
सात जण दिंडोरीच्या अलीकडे एका बागेत शिरलो.
मांडवाखाली वाकूनच चालावं लागत होतं.
लहानू हात वर करून उभा, बोटांत छोटी कात्री,
आजूबाजूला त्याच्या पाड्यावरच्या बाया.
आम्हाला बघून तो 'सॉरी' म्हणाला, इंग्रजीत.
त्यावर काय बोलावं
मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

चुलतीनं विचारलं, हे कोण रे?
तो म्हणाला, आमचा गुरुवार.

बसा मग, ती म्हणाली,
एवढं थिनिंग उरकू द्या, उद्या डिपिंग धरलंय.

थिनिंग. डिपिंग.
ना अडखळली, ना कुणाच्या तोंडाकडे पाहिलं.
शाळेची पायरी न चढलेली बाई
ते शब्द कात्रीसारखे वापरत होती,
काम झालं की कमरेला खोचत होती.

तबस्सुमनं कात्री मागून घेतली.
चुलतीनं दाखवलं: घडात दाटी झाली
की आतले मणी काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात.
लहानू हळूच म्हणाला,
पहिल्या वर्षी वर्गात आपण ब्याऐंशी होतो.
कुणी हसलं नाही.
कुणी पाच रुपये मागितले नाहीत.
मी कापलेला पहिला मणी ज्वारीएवढा होता,
टाकवेना, खिशात ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास मिळाला.
नागलीच्या भाकरीवर चटणी,
आणि परीक्षेतला प्रश्न तिसरा.
डेझीनं तो मराठीत सोडवून सांगितला,
लहानूनं चुलतीला त्यांच्या बोलीत.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
म्हणाली, एवढंच ना?
मग यात घाबरण्यासारखं काय आहे?

परतताना मागच्या सीटवर बसून, गुडघ्यावर रजिस्टर धरून,
गचक्यांत मी लिहिलं:
ठिकाण, बाग. उपस्थिती, आठ.
म्हसरूळ येईपर्यंत ते आठ डोळ्यांत खुपत राहिले.
खोडून नऊ केले.
तिचं नाव विचारायचं राहिलं होतं.