आतल्या बाजूचे टाके

गाय उभी होती रिओनीच्या पुलाआधी, वळणावर,
आणि उभीच राहिली.
अन्झोरने ब्रेक मारला. गाडी थांबली. जवळजवळ थांबली.
गायीला काहीच झालं नाही, ती निघून गेली मक्याकडे
मागे वळूनही न बघता.
बंपर मात्र ओठासारखा फाटला,
डाव्या दिव्याखालून थेट नंबरप्लेटपर्यंत.

कुताइसीत कितीतरी गाड्या बंपरविना फिरतात,
कवळी घरी विसरलेल्या म्हाताऱ्यांसारख्या,
कुणाचं काही अडत नाही.
तरी हा तो उतरवून आणतो स्वयंपाकघरात,
अंगणात वारा आहे म्हणे,
आणि आडवा टाकतो माझ्या टेबलावर, पिठाची परात सारून.

मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली.
टेबलावर कुणी आडवं पडलं
की माझ्या बाह्या आपोआप वर जातात.

किटलीतलं उकळतं पाणी मी पोच्यावर धरते,
तो आतून मुठीनं रेटतो,
आणि प्लास्टिक, टप्, येतं मूळ जागी,
जणू इतके दिवस कुणी नीट विचारलंच नव्हतं.
पण भेग ती भेग.
तिच्या टोकाला तो बारीक भोक पाडतो,
म्हणजे ती पुढे धावणार नाही.
असलं भोक आमच्या खात्यात नव्हतं.
असतं तर
दोन-तीन नावं आहेत माझ्याकडे.

बंपरच्या पोटात दोन अक्षरं कोरलेली: पी पी.
तीच दोन जोनजोलीच्या बादलीच्या बुडाशी.
म्हणजे एकच रक्तगट.
मी झाकणाच्या पट्ट्या कापते, तो सोल्डरिंग आयर्न तापवतो,
पांढरं वितळून काळ्यात शिरतं,
खिडक्या उघड्या, तरी डोळे चुरचुरतात.

मग पालथा घातला, तेव्हा दिसलं.
उजव्या कोपऱ्यात, आतून,
तांब्याच्या तारेचे अकरा टाके.
सारख्या अंतरावर. गाठी सगळ्या एकाच अंगाला.
ही गाडी लिलावातली, बोटीनं पोतीला आलेली,
कागदावर लिहिलंय ओहायो, एक मालक.
गाठींचा कल पाहून मी सांगितलं:
डावखुरं माणूस. घाई नव्हती त्याला.
बाहेरून कधी दिसणार नाही अशा जागी
कुणी इतकं नीट का शिवतं?

अन्झोर म्हणाला, यावरूनही फिरवतो आयर्न, पक्कं होईल.
मी त्याचं मनगट धरलं.
सर्जनचंसुद्धा धरलं होतं एकदा.

ग्दान्स्कहून लाशाचा फोन: खालचा ओठ कापू नका हं,
मुद्दाम खाली आणलाय, शोभा आहे ती.
शोभा, अन्झोर म्हणतो, तुझ्या आजोळच्या रस्त्यावर
दर दगडाला मुजरा करते.
आणि करवतीच्या पात्यानं दोन बोटं कापून काढतो,
कड घासतो, आधी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं,
लाशा अजून फोनवरच असतो,
त्याला वाटतं आम्ही चीज किसतोय.

रंग जुळला नाही.
डब्यावर चांदी लिहिलं होतं, निघालं ढगाळ.
माझे टाके सात, त्याच्या अकरांसारखे सरळ नाहीत;
बोटं आता थरथरतात, हे मी अन्झोरला सांगितलेलं नाही,
आता त्याला दिसलं.

रात्री मचादीला जळक्या प्लास्टिकचा वास आला.
त्यानं दोन खाल्ल्या. तिसरी मागितली.