पांघरूण

शारजा, इंडस्ट्रियल एरिया तेरा.
दवाखान्यात शिरल्या शिरल्या डावीकडे काच, काचेआड मी.
काचेला खाली पुरणपोळीच्या अर्धुकाएवढी फट,
तिच्यातून कार्ड येतं आणि कार्डामागून घामाचा वास.
कार्ड खाचेत सरकवलं की पडद्यावर माणूस उघडतो:
नाव, जन्मसाल, कंपनी,
आणि त्याच्यातला केवढा माणूस चालेल, केवढा नाही.

इस्माईल खलफे. स्कॅफोल्डर. गाव हर्णै.
माझा फोनवरचा मराठी आवाज ऐकून तो फटीशी वाकला,
"बाय, एकदा नीट समजव. सही तर मी केव्हाच करून बसलोय."

समजावलं.
हे सगळ्यांत खालचं कार्ड, निळं.
साहेबांचं सोनेरी असतं, त्यात चष्मासुद्धा बसतो.
तुझ्यात ताप बसतो, जुलाब, छातीतली कळ.
कामावरून पडलास तर ते खातं निराळं, कंपनीचं.
शंभरातले ऐंशी ते देणार, वीस तू.
दवाखाना यादीतलाच हवा.
बाहेर गेलास तर आधी भर, मग माग, मग वाट बघ.
जुनं दुखणं असेल तर त्याला सहा महिने
थोपटून झोपवून ठेवायचं.

"आणि दाढ?"
दाढ नाही.
"डोळे?"
गज घुसला तर. एरवी नाहीत.
"म्हणजे सुरमईच की.
डोक्याचा भाव वेगळा, शेपटाचा वेगळा,
मधल्या तुकड्या साहेबांना."
हसताना त्याने गाल हाताने धरला होता.
"आई?"
आई हर्णैला. ती या कार्डाला दिसत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला शिकवलेलं.
पांघरुणाबद्दल कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

मी घडीचा कागद उलटा करून ठेवला होता.
त्यानेच सुलटा केला, तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.
मृतदेह मायदेशी पाठवणे.
तिथे वीस टक्के नाहीत. यादी नाही. सहा महिने नाहीत.
पेटी, कागदपत्रं, विमान, सगळं.
तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला.
"एवढं एकगठ्ठा," म्हणाला, "मला कुणी कधी दिलं नाही."
मागचा बंगाली पोरगा खोकला. रांग पुढे सरकली.

माझंही एक कार्ड आहे. चंदेरी. मधलं.
त्याचा फॉर्म भरताना 'पूर्वीचा काही आजार?'
याच्यापुढे मी 'नाही' लिहिलं.
साखर तेव्हा दोनशे चाळीस होती.
गोळ्या सासूबाईंच्या नावाने घेतल्या जातात,
कुरडयांच्या डब्यात तळाशी बसून येतात.
आणि दिवसाला साठ जणांना मी विचारते,
लपवू नका हं, खरं सांगा.

पुढच्या गुरुवारी, दुपारच्या सुट्टीत,
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
फटीतून कार्ड आलं नाही. चांदीच्या कागदाची पुडी आली.
आत दाढ. किडलेली, मुळासकट, लवंगेचा वास येणारी.
"रूमवरच्या कोयाने पक्कडीने काढली.
क्लेम नाही बाय, पावती नाही.
नुसती दाखवायला आणली."

मी पुडी परत बांधली.
काय करायचं तिचं, ते मला कोणत्याच कागदात सापडलं नाही.
फटीतून दोन्ही हातांनी दिली,
देवळात प्रसाद देतात तशी,
आणि त्यानेही ती तशीच घेतली.