मतदारसंघ एकशे बेचाळीस

कचेरीत, बॉयलरच्या मागे, पत्र्याचं एक नळकांडं आहे.
त्यात नकाशे. दर दहा वर्षांनी
नवा जुन्यावर गुंडाळायचा, हे माझं काम.
माझ्या आधी ते मिस प्रेबलचं होतं,
तिच्या आधी कुणाचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सगळ्यात आतला कापडी आहे.
त्यावर हद्द नाही, फक्त नदी.
नदीच्या अलीकडे ते आपले, इतकंच ठरलेलं.
तेव्हाचे प्रतिनिधी एल्कॅना प्रॉक्टर, वखारवाले,
बर्फावरून घसरगाडीने राजधानीला जायचे.
त्यांचं एकच भाषण नोंदलेलं आहे:
पुलावरचा कर वाढवू नये.
पुलावरून लाकडं त्यांचीच जायची,
पण कर कुणाचाच वाढला नाही,
म्हणून वाचनालयात त्यांची तसबीर.

मग नदीला गिरणी बसली
आणि क्वेबेकहून आमची माणसं आली,
बिऱ्हाडावर बिऱ्हाड, एका जिन्यात चाळीस चपलांचा चिखल.
मतं मात्र तीस वर्षं प्रॉक्टरांच्याच घरात गेली,
मुलाला, मग जावयाला.
पगाराचं पाकीट आणि मतपत्रिका
एकाच हातून मिळत होती.

माझे चुलतआजोबा एल्झेआर थेरियो
अकरा मतांनी निवडून आले.
भावाचा कोट घालून सभागृहात गेले
आणि दोन वर्षं गप्प बसले.
उच्चारांना लोक हसतील, ही भीती.
मी इतिवृत्ताचे दोन्ही खंड पानन् पान चाळले.
पान सहाशे चारवर एक ओळ:
‘सदस्य थेरियो यांनी खिडकी उघडण्याची विनंती केली. मान्य.’
बस्स.

गाव म्हणालं, मत वाया गेलं.
विणाई खात्यातल्या बायका मात्र हसल्या नाहीत.
गिरणीच्या खिडक्या खिळे ठोकून बंद असायच्या,
दमट हवेत सूत तुटत नाही म्हणून.
खोकला तेवढा तुटायचा नाही.

गिरणी बंद पडली तेव्हा आमचा आकडा सत्त्याऐंशी होता.
मग एकतीस. आता एकशे बेचाळीस.
हिशेब सोपा: डोकी कमी पडली की जमीन जोडायची.
म्हणजे मतदारसंघ वाढतो
तेव्हा आपण ओसरत असतो.
गेल्या खेपेला उत्तरेची तीन तळी आली,
बटाट्याची शेतं,
आणि एक धावपट्टी, जिच्यावर विमान उतरत नाही.
मेपल रस्त्याची डावी बाजू गेली.
विनिफ्रेड स्प्रेग रोज रस्ता ओलांडून
बहिणीकडे जेवायला जाते, म्हणते,
परमुलखात चाललेय, काही आणायचंय का?

यंदा हलीमो वर्सामे उभी राहिली होती.
तिचं दुकान गिरणीच्याच तळमजल्यावर,
मसाले, फोनकार्डं, बर्फात घालायचे बूट.
गावात ती पुढे होती.
तळ्यांकडच्या पेट्या आल्या आणि सव्वीस मतांनी गेली.
दुसऱ्या दिवशी नकाशाची प्रत मागायला आली.
बोट हद्दीवरून फिरवत फिरवत
धावपट्टीपाशी थांबली.
‘पुढची रेघ कधी?’
म्हटलं, आठ वर्षांनी.
‘मी इथेच आहे,’ म्हणाली,
आणि प्रतीचे पंचवीस सेंट मोजून ठेवले.

निवडून आल्या त्या डेल्फा ऑर्कट,
शाळेची बस चालवतात, इथून दीड तासावर.
बाई भल्या आहेत. फोनवर विचारतात,
तुमच्या गावाला काय हवंय?
मला एकदम सुचेना.
पुलाचा कठडा म्हटलं, दवाखाना म्हटलं,
मग उगाच विचारलं, सभागृहाच्या खिडक्या कशा आहेत हो?
त्या जरा थांबल्या.
म्हणाल्या, मोठ्या आहेत. छान उजेड येतो.
उघडत नाहीत आता.