फळी

आमच्या खेळाला आता सतरा वर्षं झाली.
उत्तरेच्या नदीवर एक पूल आहे, अर्धा.
तिथला नावाडी पहिल्या दिवसापासून म्हणतो,
थोडं थांबा, होतच आलाय.
हे वाक्य त्याच्या तोंडी घालणारा ग्रेगर
कधीच नोकरी सोडून गेला,
आता पर्थजवळ मधमाश्या पाळतो.

मी पंख काढते.
डंडीत, सीगेटवर, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी बसून.
मोरपंखी पंख, राखाडी पंख,
नाताळात बर्फ झाडणारे पंख.
एका जोडीचे अठरा पौंड.
त्यांनी उडता येत नाही.
खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं.

सोमवारी इस्ला भिंतीवर आकडे दाखवते.
पंखांचा खांब उंच, हिरवागार.
पुलाला खांबच नाही.
इस्ला वाईट बाई नाही.
म्हणते, पुलाला चार माणसं, आठ महिने,
पंखांना तू एकटी आणि एक आठवडा,
आणि सर्व्हरची वीजसुद्धा या पंखांवरच चालते.
मी मान डोलावते.
ब्रॉटी फेरीतल्या माझ्या फ्लॅटचा हप्ताही
दर महिन्याला याच पंखांनी उडत जातो.

इथे नव्या भरीला पॅच म्हणतात.
म्हणजे ठिगळच.
आई फोनवर विचारते, आज काय केलंस?
ठिगळ लावलं.
कुठं फाटलं होतं गं?
मी विषय बदलते.
जरीचं ठिगळ आहे, आई,
आणि फाटलंय तिथे नाही.

आर्ब्रोथच्या एल्सपेथ डफ, वय एकाहत्तर,
कागदावर शाईनं पत्र लिहितात. दर महिन्याला.
खेळात त्यांच्या अंगावर अजून
पहिल्या दिवशी फुकट मिळालेला तपकिरी अंगरखा.
एकच प्रश्न: पलीकडे काय आहे?
मी पाहिलंय पलीकडे, फाईल उघडून.
एक टेकडी आहे.
तिला मागची बाजू नाही.

मार्चातल्या एका शुक्रवारी, सगळे गेल्यावर,
मी त्या पुलाला एक फळी जोडली.
ओकची. लाकडाच्या रेषा, एक गाठ,
खिळ्याभोवती जरासा गंज.
इतका जीव लावून मी एकही पंख काढला नव्हता.
कुणाला विचारलं नाही.
पुढच्या ठिगळात दिली सरकवून.

बुधवारी दुपारपर्यंत नदीकाठी तीनशे जण.
मोरपंखी, राखाडी,
एप्रिल लागला तरी बर्फ झाडणारे.
पहिला धावत सुटला
आणि फळीतून आरपार पाण्यात.
मग दुसरा. मग सगळी रांगच,
अठरा-अठरा पौंडांची, धपाधप.
फळीला रूप होतं, भार पेलायची ताकद नव्हती.
ती घालणं मला येत नाही.
ते ग्रेगरला यायचं.
नावाडी वर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता,
होतच आलाय.

इस्ला आधी रागावली. मग हसली.
मग खुर्ची ओढून शेजारी बसली, म्हणाली,
ओल्या पंखांची एक जोडी निघेल का?
पाणी निथळतंय अशी?

एल्सपेथबाईंचं पत्र शनिवारी आलं.
सहा वेळा पडले, त्यांनी लिहिलं होतं.
ज्यानं कुणी गाठ काढलीय त्याला सांगा,
तिथे पाय टिकेल असं सहाही वेळा वाटलं.

संध्याकाळी मी नदीवर गेले, खऱ्या.
टे नदीत, चालत्या रेल्वेपुलाच्या कडेनं,
कोसळलेल्या जुन्या पुलाचे बुंधे अजून उभे आहेत,
ओळीनं, वर काहीच न धरता.
त्यांच्यावर पाणकावळे बसले होते,
पंख वाळत घालून.
काळे, मळके, वास मारत असणार.
एक उडाला.

घरी येऊन ग्रेगरला लिहिलं:
भार कसा घालतात?
अजून उत्तर नाही. मधमाश्यांचे दिवस आहेत.
ओल्या पंखांची फाईल
समोर उघडी आहे, नाव न देता.