फुंकणी

वानवडीच्या इस्पितळात, मागच्या बाजूच्या खोलीत,
नाकाला चिमटा लावून बसलेत माझे वडील.
समोरची पोरगी म्हणते, काका, जोरात फुंका,
अजून, अजून, थांबू नका,
आणि पडद्यावरची रेघ थोडी चढते,
मग दमून मध्येच बसून घेते.
तीनदा फुंकायचं असतं. त्यातलं बरं ते धरतात.
तिसऱ्यांदा नळी तोंडातून काढून ते म्हणाले,
आईनं एका फुंकेत पेटवलं असतं.
पोरीला कळलं नाही. तिनं पुढचं नाव पुकारलं.

त्र्याण्णव साली त्यांची पत्रं पाटणकडं यायची,
तेव्हा फोडायच्या आधीच ओळखू यायची.
आजी पाकीट नाकाशी धरायची:
बरं आहे बाई, तिकडं रॉकेल मुबलक दिसतंय.
इथं आम्ही रेशनच्या दारात
डबा पायानं पुढं ढकलत उभ्या.

मुबलकच होतं.
बर्फ वितळवायचं रॉकेलवर, मोजे वाळवायचे रॉकेलवर,
सहा जणांनी एका झोपडीत दार लावून निजायचं.
दार उघडं राहिलं तर बोटं जायची.
लावलं तर काय जायचं, ते कुणी मोजलं नाही.
सकाळी थुंकलं की पांढऱ्यावर काळं.
रजेवर आले की गंमत म्हणून सांगायचे,
एवढ्या बर्फात तेवढीच शाई.
आई हसायची, आणि त्यांचे रुमाल
सोडा टाकून दोन-दोनदा उकळायची.

आता दिघीत दुसरा मजला, एकोणतीस पायऱ्या.
सतराव्या पायरीवर नागपुऱ्यांच्या चपलांपाशी
ते वाकतात, बुटाची नाडी बांधायला.
पायात सँडल असतात.
नागपुरे वहिनी दार उघडत नाहीत तेवढा वेळ.
शेजार म्हणतात तो हाच.

बोर्डापुढं नाव विचारलं. निवृत्ती.
तारीख नाही हो, नाव.
नावच आहे साहेब. निवृत्ती केरू घाडगे.
सिगारेट? नाही. विडी? नाही.
लहानपणी घरी चूल होती?
होती.
लाकडं की शेणी?
मिळेल ते.
आई रांधताना जवळ बसायचात?
वडील म्हणाले, मग कुठं बसणार?

पेन चाललं. या टेबलांनी मला
उलटं वाचायला शिकवलंय:
सेवेमुळे उद्भवलेला नाही. सेवेमुळे वाढलेला नाही.
आणि खाली, कारणाच्या रकान्यात,
आमच्या आजीची चूल.

उठायला त्यांना वेळ लागतो. उठले.
साहेब, आईचा धूर
(इथं श्वास)
डोळ्यांत जायचा.
(इथं आणखी एक)
खाली नाही उतरायचा.

हे शास्त्र नाही. उतरतो तोही.
आजी खोकतच गेली, माघात, रात्रभर बसून.
तिला कुणी कागद दिला नाही,
नाकारायलासुद्धा.
पण मी गप्प राहिले. त्या खोलीत खरं बोलायची पाळी
माझी एकटीची नव्हती.

ते म्हणाले, पेन्शन वाढू नका. ती ओळ तेवढी खोडा.
साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी मागवलं.
ओळ खोडता येत नाही, म्हणाला,
सहा महिन्यांत अपील करता येतं.

परत येताना गोळीबार मैदानाच्या सिग्नलला
पुढच्या बसनं आमच्यावर धूर सोडला.
स्कूटरवर मागं बसलेल्या वडिलांनी
रुमाल नाकाशी धरला,
हिरवा लागेपर्यंत धरून ठेवला,
मग घडी घालण्याआधी उघडून पाहिला.
आरशात दिसलं मला.
तीस वर्षं झाली. अजून बघतात.
पांढराच होता.
तरी पुन्हा एकदा, उलटा करून.